ऑक्सिजनला बटण नाही

आत्याला एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसलं, की ती तोंडात टाचण्या धरायची. हे तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. "टेलरबाई, गुरुवारी नक्की मिळेल ना?" असं कुणी विचारलं की ओठांत दोन टाचण्या. "टेलरबाई, तुम्ही लग्न का नाही हो केलं?" असं कुणी विचारलं की एकदम सहा. विचारणारी बाई आपल्याच प्रश्नाने ओशाळून बाहीच्या लांबीबद्दल बोलायला लागायची, आणि आत्या मान हलवत खडूने कापडावर रेघ ओढायची.

दुकान म्हणजे रस्त्याकडची एक खोली. त्यात पायाचं मशीन, कापायचं लांब टेबल, भिंतीला हँगरवर टांगलेले तयार कपडे, आणि प्रत्येक कपड्याला टाचणीने लावलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव आणि कापड कापल्याची तारीख. मधला पडदा बाजूला केला की राहायची खोली. या दोन खोल्यांत आत्याने एकटीने सव्वीस वर्षं काढली होती आणि तिची काही तक्रार नव्हती. निदान तिने कुणापाशी केली नव्हती.

मग दीड वर्षापूर्वी बॉबीन राहायला आली. बॉबीन म्हणजे तिची भाची, धाकट्या भावाची थोरली. भाऊ बसने दोन तासांवर रोपवाटिका चालवायचा आणि तिथली शाळा सातवीला संपायची. पोरगी एका जागी बसेल तर शपथ, मशीनच्या बॉबीनसारखी सतत गरगर फिरायची, म्हणून आत्यानेच हे नाव ठेवलं. कापायच्या टेबलाचा डावा कोपरा बॉबीनला मिळाला. तिथे आत्याने मापाची टेप आडवी चिकटवून हद्द आखून दिली होती. टेपच्या पलीकडे पुस्तकं, अलीकडे कापड. बॉबीनने ती हद्द एक दिवससुद्धा पाळली नाही.

एका शनिवारी मशीनचा ड्रॉवर उघडताना आत्याच्या हाताला रिळांच्या खाली घडी केलेला कागद लागला. विज्ञानाची उत्तरपत्रिका. वीसपैकी चार. आत्याने ती वाचली, जशीच्या तशी घडी घातली आणि परत रिळांखाली ठेवली. पण शाळेने भावाला कळवलंच होतं. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, हिला रसायनं काही झेपत नाहीत. वार्षिक परीक्षेत पास झाली तर बघू. नाहीतर सुट्टीत येतो आणि घरी घेऊन जातो. तिचं डोकं नको शिणायला आणि तुझंही."

फोनवर काही दिसत नाही, तरी आत्याने हाताशी होत्या तेवढ्या सगळ्या टाचण्या तोंडात धरल्या.

फोन ठेवल्यावर तिने निळ्या कापडाचं एक ठाण काढलं आणि काहीतरी कापायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बॉबीन टेबलाच्या कोपऱ्यावर बसून घोकत होती. "सोडियमची संयुजा एक, कॅल्शियमची दोन, ॲल्युमिनियमची तीन..."

"संयुजा म्हणजे काय ग?" आत्याने मशीन थांबवून विचारलं.

"पाठ आहे. कळत नाही."

"दाखव."

आता आत्याचं शिक्षण सातवीपर्यंतचं. वडील गेले तेव्हा शाळा सोडून ती मशीनवर बसली आणि शिवून शिवून धाकट्या भावाला शिकवलं. रसायनशास्त्र नावाची गोष्ट तिच्या वाट्याला आलीच नव्हती. तिने चष्मा लावला आणि पुस्तकातलं चित्र नीट पाहिलं. वर्तुळात वर्तुळं आणि त्यांवर ठिपके. पहिली दोन पानं तिच्या डोक्यावरून गेली. तिसऱ्या पानाला ती अडकली, म्हणजे चांगल्या अर्थाने.

"हा सोडियम. ह्याच्या बाहेरच्या घेरात एकच ठिपका, आणि तो त्याला नकोसा झालाय. बरोबर?"

"ठिपका नाही, इलेक्ट्रॉन."

"असेल. आणि ह्या क्लोरिनला नेमका एक कमी पडतोय."

"हो."

"मग एकाकडे बटण जादा आहे आणि दुसऱ्याकडे काज रिकामं आहे. एवढंच ना?"

बॉबीन गरगरायची थांबली. तिने पुस्तक स्वतःकडे ओढलं. मग म्हणाली, "आत्या, हे बाईंनी असं का नाही सांगितलं?"

"त्या कुठे टेलर आहेत!"

त्या दिवसापासून दुकानात एक वेगळंच शिवणकाम सुरू झालं. करड्या चिंध्यांचे धातू आणि पिवळ्या चिंध्यांचे अधातू. सोडियमला एक बटण, कॅल्शियमला दोन, ॲल्युमिनियमला तीन. क्लोरिनला एक काज, ऑक्सिजनला दोन. हायड्रोजनची चिंधी सगळ्यांत लहान, तिला एक बटण. लोखंड जरा लबाड निघालं, कधी दोन तर कधी तीन. त्याचं तिसरं बटण आत्याने आतल्या बाजूला, कोटाला लावतात तसं लपवून लावलं. नियम एकच होता, एकही बटण लोंबकळायला नको आणि एकही काज उघडं राहायला नको. बॉबीनने ॲल्युमिनियमची एक चिंधी घेतली, तिला ऑक्सिजन लावला, एक बटण उरलं. आणखी ऑक्सिजन लावला, आता काज उरलं. आणखी ॲल्युमिनियम. असं करत करत शेवटी टेबलावर दोन करड्या आणि तीन पिवळ्या चिंध्यांची माळ झाली, सहा बटणं आणि सहा काजं, सगळी लावलेली.

"दोनास तीन!" ती ओरडली. "आत्या, पुस्तकात हेच आहे! हे मी घोकत होते!"

आत्याला इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली. या वयात आपण ॲल्युमिनियमवरून हरखतोय! पण हरखली हे खरं. गिऱ्हाइकाची छाती मोजता मोजता तिच्या डोक्यात कॅल्शियम चालू असायचं. एकदा मापांच्या वहीत तिने कॉलर सोळा लिहायच्या जागी क्लोरिन सोळा लिहिलं, आणि ते गिऱ्हाइकानेच दाखवून दिलं. समीकरणांचं संतुलन करायचा धडा आला तेव्हा तर तिला नवं काही शिकावंच लागलं नाही. जेवढं कापड टेबलावर आलं तेवढंच कपड्यात आणि चिंध्यांत मिळून निघायला हवं, मधल्या मधे काही गायब होत नाही, हे तर तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

शेवटी राहिला निऑन. त्याला ना काही जादा, ना काही कमी. आत्याने एक चिंधी घेतली, दुमडली आणि चारही बाजूंनी मशीन मारून बंद करून टाकली.

"हा कुणाकडे जात नाही आणि कुणाला बोलावतही नाही."

"आत्या, म्हणजे हा तू!" बॉबीन खिदळली.

आत्याही हसली. मग तिने घाईने निऑन डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

वार्षिक परीक्षेला अठरा दिवस उरले असताना शेवटची चाचणी झाली. पेपर मिळाला त्या दिवशी बॉबीन शाळेतून आली ती गुपचूप. दप्तर ठेवलं, चिंध्यांचा डबा उचलला आणि कोपऱ्यातल्या कातरणाच्या पोत्यात पालथा केला. मग पडद्यामागे जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

पेपर टेबलावर होता. वीसपैकी तेरा. आत्याने श्वास सोडला. सूत्रं तर सगळीच्या सगळी बरोबर होती. मग खालचा प्रश्न दिसला. "ऑक्सिजन वायूच्या रेणूत दोन अणू एकमेकांना कसे जोडलेले असतात?" बॉबीनने लिहिलं होतं, "जोडलेले असूच शकत नाहीत. ऑक्सिजनला दोन काजं असतात, बटण एकही नसतं. काजात काज अडकत नाही. पुस्तकात चूक आहे." त्यावर लाल शाईचं शून्य, आणि खाली, "पालकांनी येऊन भेटावे."

"मी वर्गात बाईंशी वादसुद्धा घातला," पडद्यामागून आवाज आला. "सगळे हसले. बटण बटण म्हणून चिडवतात आता."

"अग, एकाच प्रश्नाचं काय..."

"तो धडा सगळ्यांत मोठा आहे, आत्या! आणि एक खोटं निघालं म्हणजे सगळंच खोटं असेल. सोडियमसुद्धा. मी आता जातेच घरी. रोपांना पाणी घालायला कुठे संयुजा लागते?"

आत्या टेबलाशी उभी राहिली. तिने ऑक्सिजनच्या दोन चिंध्या पोत्यातून शोधून काढल्या आणि समोरासमोर धरल्या. काजासमोर काज. पोरगी खरं बोलत होती. हे जुळणारं नव्हतंच. चूक पुस्तकाची नव्हती, पोरीची नव्हती, चूक जिने काजं केली तिची होती.

दुसऱ्या दिवशी तिने दुकान बंद ठेवलं, पोत्यातून सापडल्या तेवढ्या चिंध्या भरून डबा काखेत मारला आणि शाळेत गेली. विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होत्या. अंगात पांढरा एप्रन, त्याला बाहीपर्यंत बारीक बारीक भोकं पडलेली आणि एक खिसा उसवून लोंबत असलेला. आत्याला आधी तो खिसा दिसला, मग बाई.

"बाई, मी बॉबीनची आत्या. चूक माझी आहे," तिने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "तिला हे सगळं मी शिकवलं, आणि मी सातवी पास. मार्क कापायचे तर माझे कापा, पण तिला हसू नका."

बाईंनी हात पुसले आणि डबा उघडला. सुरुवातीला त्या चिंध्या नुसत्या चाळत होत्या. मग स्टूल ओढून बसल्या आणि कॅल्शियमला क्लोरिन लावायला लागल्या. मग लोखंड. लोखंडाचं लपवलेलं बटण सापडलं तेव्हा त्या मोठ्याने हसल्या, पण ते हसणं आत्याला लागलं नाही.

"तीस वर्षं झाली मी हे शिकवतेय," बाई म्हणाल्या. "मला नाही सुचलं. आणि तुम्हाला मी रागवायला नव्हतं बोलावलं. तुमची पोर जिथे अडली ना, तिथेच मोठमोठे शास्त्रज्ञ जवळजवळ पन्नास वर्षं अडले होते. सारख्याला सारखं कसं जोडलं जाईल, असं होणारच नाही, म्हणून हटून बसले होते. हे तिला कुणी शिकवलं, तेवढं बघायचं होतं मला."

"मग त्यांना पुढे काय कळलं?"

"कळलं की दरवेळी एकाने द्यायचं आणि दुसऱ्याने घ्यायचं असं नसतं. मिठात तसं होतं, तिथे तुमचं बटण अगदी बरोबर आहे. पण कधी दोघांनाही काहीतरी कमी असतं. मग दोघं आपापलं थोडं पुढे करतात आणि मधलं ते दोघांचं होतं. त्यावरच ते धरून राहतात."

आत्याने कपाळाला आठ्या घातल्या. "दोघांचं म्हणजे अर्धं अर्धं?"

"नाही. मोजताना दोघांकडेही पूर्ण मोजायचं."

"असं कसं होईल, बाई? एक वस्तू दोघांकडे पूर्ण?"

"होतं खरं," बाई म्हणाल्या. "पाणी तसं आहे. तुम्ही आत्ता घेताय तो श्वास तसा आहे."

आत्याने निघताना बाईंचा एप्रन मागून घेतला. उसवलेला खिसा बघून तसंच निघून जाणं तिच्याने होईना. वाटेत ती चालत होती आणि डोक्यात तेच घोळत होतं. दोघांनाही कमी असतं. आत्याला द्यायचं माहीत होतं. आईला दिलं, भावाला दिलं, आता त्याच्या लेकीला देत होती. आपल्यालाही काही कमी आहे आणि ते दुसरं कुणी पुढे करत असेल, हा विचार तिने कधी केलाच नव्हता. खिशाच्या उसवलेल्या काठावरून तिचं बोट सारखं फिरत होतं, आणि भर रस्त्यात ती थांबली. मागून येणारा सायकलवाला तिला बोलून गेला. ते तिला ऐकूही आलं नाही. ती घराकडे जवळजवळ पळत सुटली.

"बॉबीन, इकडे ये. मशीनवर बस."

"मी?" मशीनला हात लावायची तिला आजवर सक्त मनाई होती.

"बस. दोन ऑक्सिजन घे. काजं विसर. एकावर एक ठेव, काठाला काठ. आता दोघांनीही आपली अर्धा इंच माया सोडायची, शिवणीसाठी सोडतात तशी. चालव पाय."

बॉबीनने जीव मुठीत धरून पाय चालवला. शिवण सापासारखी वाकडी आली.

"एक झाली. ऑक्सिजनला दोनाची कमी आहे, म्हणून त्याच्या शेजारून दुसरी शिलाई घाल. हं. आता ओढ."

बॉबीनने दोन्हीकडून ओढलं. मग जोर लावून ओढलं. सुटेना.

"हा मधला पट्टा कुणाचा?"

"ह्याचा," बॉबीन म्हणाली. मग चिंध्या उलटून पाहिल्या. "ह्याचापण." मग हळूच म्हणाली, "बटण कुणी दिलंच नाही. दोघांनी काठ दिला."

"मोजताना दोघांकडेही पूर्ण मोजायचं, असं म्हणाल्या तुझ्या बाई."

पुढचं आत्याला सांगावं लागलं नाही. नायट्रोजनला तीन शिलाया लागतील हे बॉबीनने स्वतःच ओळखलं आणि घातल्याही. हायड्रोजनला एक. मग पाण्यापाशी येऊन ती थबकली. "म्हणजे पाणीसुद्धा शिवलेलंच? मग तू त्याला आधी बटणं कशाला लावलीस?"

"मला कुठे माहीत होतं? मी सातवी पास!"

दोघी इतक्या हसल्या की समोरचा चहावाला डोकावून गेला. मग बॉबीनने पोत्यात हात घालून उरलेल्या सगळ्या चिंध्या वर काढल्या आणि त्या मांडीवर घेऊन बसली. आत्याने एप्रनचा खिसा शिवायला घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते हसण्याचं नव्हतं.

निकाल लागला. विज्ञानात शंभरपैकी एकसष्ट. बॉबीन गुणपत्रिका हातात धरून दुकानात चार गिरक्या घेऊन गेली. दोन दिवसांनी सकाळच्या बसने भाऊ आला. लेकीच्या पाठीवर त्याने इतक्या वेळा थाप मारली की ती वैतागली. मग तिला आत पाठवून तो टेबलाशी बसला आणि टेबलावरचा खडू उगाचच इकडून तिकडे सरकवायला लागला.

"ताई, पास झाली हे छानच झालं. पण मी तिला घेऊन जायचं ठरवलंय. तिकडे दहावीसाठी आता एक गाडी सुरू झालीय, लांब आहे पण जमेल."

आत्याचा हात आपोआप टाचण्यांच्या उशीकडे गेला. दोन. चार. सहा.

"नापास झाली तर नेतो म्हणालो होतो, पण खरं सांगू? ते निमित्त होतं. माझ्याने बघवत नाही, ताई. तू शाळा सोडून मला शिकवलंस. आता माझ्या पोरीलाही तूच शिकवतेस. देऊन देऊन तू किती देणार? तुला काही तुझं आयुष्य नको?"

पडद्यामागची पावलांची चाहूल थांबली होती. बॉबीन एका जागी स्थिर उभी होती, पडद्याखालून तिचे पाय दिसत होते. आत्याने त्या पायांकडे पाहिलं. मग तिने तोंडातली एक टाचणी काढली आणि उशीत खोचली. मग दुसरी. भाऊ बघत राहिला. सहावी टाचणीही उशीत गेली.

"मुलगी तुझी आहे," ती म्हणाली. "पण मला ती इथे हवी आहे. तिच्यासाठी नाही रे. माझ्यासाठी. ती आल्यापासून मला संध्याकाळ व्हावीशी वाटते. मी देते आणि ती घेते असं तुला वाटतं, मलाही तसंच वाटत होतं. तसं नाहीये ते. मला कमी होतं."

ताईने आयुष्यात त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

आत्याने टाचण्यांच्या उशीकडे बोट दाखवलं.

भाऊ हसला आणि त्याच वेळी नाक पुसायला लागला. तोंड लपवायला म्हणून तो भिंतीकडे वळला, तर समोरच हँगरवर निळा नवा गणवेश टांगलेला. त्याने सहज खालचा घेर उलटून पाहिला. आत चार बोटं कापड दुमडून शिवलेलं होतं, पोरगी वाढली की उसवून सोडायला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "बॉबीन, दहावी." आणि खाली कापल्याची तारीख. ती त्याने दोनदा वाचली. वीसपैकी चार मिळाले म्हणून त्याने फोन केला होता, ती ही तारीख होती.

"सुट्टीत तरी महिनाभर देशील का मला तिला?" शेवटी त्याने विचारलं.

"पंधरा दिवस."

"ताई, अग मी बाप आहे तिचा!"

"बरं, वीस."

"भांडू नका!" पडदा बाजूला सारून बॉबीन ओरडली. "मोजताना दोघांकडेही पूर्ण मोजा!"

भावाला त्यातलं अक्षर कळलं नाही. आत्याला कळलं. तिचा हात सवयीने टाचण्यांकडे गेला, आणि तिने तो तसाच मागे घेतला.